बिनकागदाची जुनी गाडी घेताय? आधी नोंद शोधा, मग गाडी

सहा वर्षांपूर्वी मी एक जुनी महिंद्रा जीप घेतली. साठ हजार रोख मोजले. विकणारा म्हणाला, "कागदं काय, निघतात की नंतर. आधी गाडी न्या." मी टोचन लावून गाडी घरी आणली, दोन महिने पत्राकाम करून घेतलं, सीटं शिवून घेतली आणि मग आरटीओत गेलो. तिथं कळलं की त्या जीपची नोंदणी कधीच रद्द झाली आहे. मूळ मालकानं गाडी मोडीत काढल्याचं लिहून दिलं होतं. ती जीप पुन्हा रस्त्यावर आली नाही. तिचे एक्सल आणि गिअरबॉक्स एका मित्राच्या गाडीत बसले, उरलेलं लोखंड किलोच्या भावानं गेलं.

त्यानंतर घेतलेली प्रीमियर पद्मिनी मोटारही (जुनी माणसं तिला फियाटच म्हणतात) बिनकागदाचीच होती. ती आज माझ्या नावावर आहे, पासिंग झालेलं आहे, विमा चालू आहे. दोन्ही वेळा गाडी जुनी आणि कागद गायब. बदलला तो फक्त कामाचा क्रम. जीपच्या वेळी मी गाडीपासून सुरुवात केली, पद्मिनीच्या वेळी नोंदीपासून. कोल्हापूर, गडहिंग्लज, सांगली, निपाणी या पट्ट्यात अशा गाड्या गोठ्यात, गुऱ्हाळाच्या शेडात, वाड्याच्या पडवीत अजून उभ्या आहेत, आणि दोन-चार महिन्यांत कुणी ना कुणी येऊन विचारतं, "घेऊ का?" म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतो आहे.

कागद नाहीत म्हणजे नेमकं काय नाही?

हा प्रश्न पहिला, कारण पुढचं सगळं याच्या उत्तरावर ठरतं.

आरसी बुक म्हणजे आरटीओच्या दप्तरातल्या नोंदीचा दाखला. दाखला हरवला तरी नोंद दप्तरात राहते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतल्या कितीतरी घरांत कपाटांपर्यंत पाणी चढलं. सातबारे, दाखले, आरसी बुकं चिखलात गेली. काहींची वाळवीनं खाल्ली, काहींची घर बदलताना गेली. मालक समोर आहे, नोंद दप्तरात आहे, फक्त पुस्तक नाही, अशा गाडीचे कागद निघतात. खेटे घालावे लागतात, पण निघतात.

दुसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त. नोंद आहे, पण ती विकणाऱ्याच्या नावावर नाही. त्यानं गाडी घेतली तेव्हा सह्या केलेले टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) हातात घेतले आणि ते आरटीओत दिलेच नाहीत. त्याच्याकडून तिसऱ्यानं घेतली, तिसऱ्याकडून चौथ्यानं. दप्तरात नाव अजून पहिल्याचंच. ही गाडी निघू शकते, पण तो पहिला माणूस किंवा त्याचे वारस सापडले तरच.

तिसरा प्रकार म्हणजे नोंद रद्द झालेली, नोंद सापडतच नाही, किंवा नोंदीतला चॅसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला ओळखीचा नंबर, गाडीवरच्या नंबराशी जुळत नाही. असल्या गाडीला मी हात लावत नाही. मोडीत काढून नोंदणी रद्द झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचा सरळ मार्ग नाही. तरी "पंचवीस हजार द्या, कागद करून देतो" म्हणणारा एखादा भेटतोच. मलाही भेटला होता. तो काय करतो ते नीट समजून घ्या. मोडीत गेलेल्या दुसऱ्या गाडीचं आरसी बुक विकत घेतो आणि तिचा नंबर तुमच्या चॅसीवर ठोकतो. हा उघड गुन्हा आहे, आणि गाडी चोरीची निघाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७, म्हणजे चोरीचा माल बाळगणं, ते तुमच्या अंगावर येतं. अपघात झाला तर विमा कंपनीपुढे उभं राहायलाही जागा उरत नाही. हा रस्ता धरूच नका.

शेडमध्ये पहिल्या दिवशी

पद्मिनी शिरोळ तालुक्यातल्या एका गावात होती. गुरुजींची गाडी. गुरुजी जाऊन चार वर्षं झाली होती. टपावर कडब्याच्या पेंड्या, मागच्या सीटवर कोंबडीनं घातलेली अंडी. मुलगा म्हणाला, "दादा, कागदं पुरात गेली. नंबर प्लेटसुद्धा कुणीतरी काढून नेली." बाजूला आज्जी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडीत बघा की, त्यांनी काय काय ठेवलेलं असायचं."

नंबर प्लेट नसली तरी जुनी गाडी आपला नंबर कुठं तरी सांगते. दारांच्या काचांचे खालचे कोपरे पुसून बघा. चोरीच्या भीतीनं काचेवर नंबर कोरून घ्यायची पद्धत होती. डॅशबोर्डचा कप्पा, सीटखाली, सन व्हायजरच्या मागे जुनी पीयूसी, विम्याची पावती, गॅरेजचं बिल, कराची पावती अडकलेली असते. घरात जुना फोटो असेल तर तोही मागा. लग्नातल्या फोटोत नंबर स्पष्ट दिसतो. मला विम्याची एक पिवळी पडलेली पावती मिळाली, त्यावर नंबर आणि चॅसी नंबर दोन्ही होते.

१९८९ च्या आधीच्या गाड्यांचे नंबर आजच्या एमएच-०९ सारखे नसतात. तीन अक्षरं आणि पुढे आकडे. एवढ्यावरून बिचकू नका. तो नंबर आजही वैध असू शकतो, आणि गाडी महाराष्ट्रातच राहिली तर नूतनीकरणानंतरही तोच कायम राहतो. जुन्या गाडीवर जुना नंबर असावा असं मला मनापासून वाटतं. तो टिकवता आला तर टिकवा.

आता चॅसी नंबर. इथं घाई करू नका, हे या सगळ्या कामातलं सर्वात महत्त्वाचं अर्धं तास आहे. पत्र्याच्या बिल्ल्यावर रिबिट मारलेला नंबर पुरावा धरू नका. बिल्ला काढून दुसऱ्या गाडीला लावता येतो. लोखंडात ठोकलेला नंबर शोधा. जीपमध्ये तो चॅसीच्या लांब पट्टीवर असतो, मोटारीत बॉनेटखालच्या पत्र्यावर. जागा मॉडेलनुसार बदलते, त्यामुळे त्याच मॉडेलवर काम केलेला मिस्त्री सोबत न्या. रॉकेलचा बोळा घ्या, ग्रीस आणि माती हळूहळू पुसा. तारेचा ब्रश हलक्या हातानं. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही, कारण नंबरच्या आसपास घासल्याच्या खुणा दिसल्या की तपासणीत शंका येते आणि ती शंका तुमच्यावर येते.

नंबर उघडा पडला की त्यावर पातळ कागद धरा आणि पेन्सिलीनं आडवं खरडा. आकडे कागदावर उमटतात. त्याचे तीन-चार छाप घ्या; आरटीओच्या फॉर्मांवरही हाच छाप चिकटवायचा असतो. मग भिंगानं बघा. सगळे आकडे एका उंचीचे आहेत का? एका रांगेत? एखादा जास्त खोल, एखादा तिरका? आजूबाजूचा पत्रा जाडीला सारखाच आहे की कापून चौकोनी तुकडा वेल्डिंगनं बसवलाय? बोट फिरवलं तरी वेल्डिंगची कड लागते. इथं काहीही खटकलं तर नमस्कार करा आणि परत या.

इंजिन नंबरही उतरवून घ्या. तो जुळला नाही तर लगेच घाबरायचं कारण नाही. तीस-चाळीस वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं. पण बदललेलं इंजिन त्याच बनावटीचं, त्याच इंधनाचं आणि खरेदीच्या बिलासकट असेल तरच नोंदीत दुरुस्ती सोपी जाते. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलेली कितीतरी वाहनं आपल्याकडे फिरली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे फेरफार परवानगीशिवाय चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत कडक भूमिका घेतली आहे. तसली गाडी घ्यायची तर मूळ जातीचं इंजिन शोधण्याचा खर्च आधीच धरा.

पुराच्या भागातली गाडी असेल तर चॅसीच्या पोकळीत हात घाला. वाळलेला, मऊ, राखेसारखा गाळ हाताला लागला तर गाडी पाण्याखाली गेली होती. त्यानं कागदांना अडचण येत नाही, पण आतून खाल्लेली चॅसी पासिंगला उभी राहत नाही.

नोंद कशी तपासायची

नंबर हाती आला की सरकारच्या एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या पोर्टलवर टाका. गाडी दिसली तर वर्ग, इंधन, नोंदणीची तारीख, मुदत आणि कर्जाचा बोजा एवढं समजतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, तरी पहिली अक्षरं पुरतात. आमच्या पद्मिनीचं नाव गुरुजींच्या नावाच्या जवळपासही नव्हतं.

गाडी ऑनलाइन दिसली नाही म्हणजे नोंद नाही असं समजू नका. जुन्या वह्यांमधल्या सगळ्या नोंदी संगणकावर चढलेल्या नाहीत. अशा वेळी ज्या कार्यालयात गाडी मूळ नोंदली गेली तिथं जाऊन जुन्या नोंदवहीतून पर्टिक्युलर, म्हणजे गाडीच्या नोंदीचा उतारा, काढावे लागतात आणि मग ती नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या आरटीओ कार्यालयात जाताना चॅसीचा छाप, मिळालेली जुनी पावती आणि लेखी अर्ज घेऊन जा. नुसतं तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं. अर्जाची पोच घेतली की काम फाईलवर येतं.

त्याच दिवशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेवर चॅसी, इंजिन आणि गाडी नंबर टाकून बघा. चोरीची नोंद असेल तर तिथं दिसते. त्याचा दाखला छापून फाईलला लावा. परराज्यातली गाडी असेल तर तो मागितला जातोच.

नोंदीतून पाच गोष्टी बाहेर काढा: नोंदणीकृत मालक कोण, नोंदणी रद्द किंवा निलंबित आहे का, कर कुठपर्यंत भरलाय, बोजा कुणाचा, आणि चॅसी नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतो का. पाचही समजल्याशिवाय विसार सुद्धा देऊ नका.

नूतनीकरणाचा हिशोबही याच टप्प्यावर करा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. दिल्लीसारखी वयाची बंदी महाराष्ट्रात खाजगी गाड्यांना नाही, त्यामुळे गाडी जुनी आहे म्हणून कुणी नाकारत नाही. पण शुल्क वाढलंय. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये, मोटारसायकलीला २,०००, आणि आयात केलेल्या मोटारीला ८०,००० लागतात. मुदत उलटल्यावर मोटारीला दरमहा ५०० रुपयांचा विलंब आकार नियमात आहे. यावर राज्याचा पर्यावरण कर आणि जुना थकलेला कर वेगळा. वर्षानुवर्षं गोठ्यात उभ्या असलेल्या गाडीचा हा एकूण आकडा कधी कधी गाडीच्या किमतीपुढे जातो. तो आकडा कागदावर घेऊनच भावाला बसा. भाव पाडायला यापेक्षा सरळ कारण दुसरं नाही.

नोंदीतला माणूस शोधणं

माझा सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. सात महिन्यांतले पाच.

नोंद एका डॉक्टरांच्या नावावर होती, पत्ता गडहिंग्लजचा. गुरुजींनी ती त्यांच्याकडून घेतली होती, टीटी फॉर्म घरातच राहिले आणि पुरात गेले. डॉक्टर वारले होते. दवाखान्याच्या जागी आता दुकानांची इमारत. शेजारच्या औषध दुकानातल्या काकांनी सांगितलं की मुलगी बेळगावात दिली आहे, एक मुलगा पुण्यात, दुसरा इचलकरंजीत.

मी पहिला फोन मुलीला केला. "ताई, तुमच्या वडिलांची फियाट होती ना?" पलीकडं जरा शांतता आणि मग त्यांनी गाडीचा नंबर तोंडपाठ सांगितला. तिथून पुढचं काम माणुसकीनं झालं, पण कागद पक्का लागलाच.

वारसांना समजावताना एक मुद्दा हमखास उपयोगी पडतो, आणि तो खराही आहे. गाडी विकली तरी जोपर्यंत नोंदीत नाव आहे तोपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या एका निकालात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे नाव उतरवून घेणं हे त्यांच्याही भल्याचं. हे शांतपणे सांगितलं की "कशाला त्या भानगडीत" म्हणणारे सुद्धा सहीला तयार होतात.

मालक हयात असेल तर त्याचं आधार, पॅन, फोटो आणि त्याच्याच हातची सही. वारले असतील तर मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, आणि गाडी ज्याच्या नावावर करायची त्याला इतरांचं संमतिपत्र. आधी नमुना ३१ भरून गाडी एका वारसाच्या नावावर, मग त्याच्याकडून तुमच्या नावावर. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीसाठी असते, तिच्यावर विसंबू नका. वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला लागतो, आणि तसा वाद दिसला की मी तरी गाडी सोडून देतो. मालक सापडतच नसेल तर न्यायालयात मालकी जाहीर करून मागायची वाट उरते. ती लांबची आणि खर्चिक आहे, फार दुर्मीळ गाडी असेल तरच वकिलाकडे जा.

बोज्याबद्दल एक वेगळी सूचना. जुन्या गाड्यांवर पतसंस्थेचा किंवा छोट्या सहकारी बँकेचा बोजा असतो, कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो. आता ती संस्था दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल तर ना-हरकत त्या बँकेकडून घ्यायची. अवसायनात गेली, म्हणजे बंद करून हिशोब मिटवायला काढली असेल, तर ते काम बघणाऱ्या अवसायकाकडून. तो कोण हे सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात समजतं. नमुना ३५ वर संस्थेची सही-शिक्का झाल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि बोजा असताना दुय्यम आरसी (हरवलेलीच्या बदली मिळणारी) सुद्धा त्या संस्थेच्या ना-हरकतीशिवाय निघत नाही.

पैसे देताना

पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. मी तीन भाग केले: करारावर थोडे, दुय्यम आरसी हातात आल्यावर निम्मे, गाडी नावावर झाल्यावर उरलेले. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून करारात गाडी नंबर, चॅसी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीकृत मालकाचं नाव, ताबा कुणाकडे आणि कधीपासून, आरसी कशी गहाळ झाली, आणि अमुक महिन्यांत कागद निघाले नाहीत तर पैसे परत, हे सगळं आलं पाहिजे. ज्याच्याकडे ताबा आहे तोही त्यात संमती देणारा म्हणून हवा. आमच्या करारावर गुरुजींच्या मुलाची आणि आज्जींची सही आहे. पैसे बँकेतून द्या. रोखीचा व्यवहार पुढे सिद्ध करता येत नाही.

गाडी चालवत घरी आणायची नाही. नोंदणीची मुदत संपलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवली तर पहिल्याच वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, आणि विमा नसताना कुणाला लागलं तर ते आयुष्यभराचं ओझं. टेम्पोत चढवून आणा. मी तर म्हणेन, कागद होईपर्यंत जिथं आहे तिथंच राहू द्या, फक्त वर ताडपत्री टाका.

आरटीओतला क्रम

क्रम चुकला की अर्ज परत येतो, म्हणून तसाच देतो.

आधी बॅकलॉग, म्हणजे गाडी संगणकावर. त्यातच मोबाईल नंबर जोडून घ्या, कारण पुढच्या ऑनलाइन कामांना ओटीपी लागतो.

मग दुय्यम आरसी. इथं बहुतेक जण चुकतात. हा अर्ज नोंदणीकृत मालकानं किंवा त्याच्या वारसानंच करायचा असतो, तुम्ही नाही. त्यासाठी पोलीस ठाण्याचा गहाळ दाखला, नमुना २६, प्रतिज्ञापत्र, चॅसीचा छाप आणि ओळखीचे कागद. पुरात गेले असतील तर त्या वेळच्या पंचनाम्याची प्रत जोडा. गहाळ होण्याचं कारण एकदम पटतं. दाखल्यात जे घडलं तेच लिहा. "प्रवासात हरवलं" असं ठोकळेबाज वाक्य एजंट लिहून देतात आणि करारात पूर असतो. पुढे दोन कागद एकमेकांशी भांडतात.

त्यानंतर थकलेला कर आणि ई-चलन भरून टाका, बोजा उतरवा. वारस असतील तर नमुना ३१. मग हस्तांतरण: नमुना २९ ही विकणाऱ्याची सूचना, नमुना ३० हा दोघांचा अर्ज. राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. नंतर नमुना २५, नूतनीकरण, म्हणजे आपलं पासिंग. हस्तांतरण आणि नूतनीकरण कोणतं आधी घ्यायचं हे त्या खिडकीवर विचारून घ्या. माझ्या वेळी दोन्ही अर्ज एकाच फाईलीत गेले.

विम्यासाठी फक्त तृतीय पक्षाची पॉलिसी पुरते. जुन्या गाडीला काही ठिकाणी नकार मिळतो, पण चार शाखा फिरल्यावर मिळते. गाडी नावावर झाली की विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

पासिंगला गाडी तयार करताना

निरीक्षक चॅसी नंबर, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, वायपर, टायर, धूर बघतात. चकाकी बघत नाहीत. त्यामुळे पहिला पैसा ब्रेक आणि स्टिअरिंगवर खर्चा, रंगावर नाही. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून लोक हताश होतात. कोल्हापुरात तसं व्हायचं कारण नाही. शिवाजी उद्यमनगरात नमुना घेऊन जा. किंग पिन, बुश, शाफ्ट, पाना न बसणारा विचित्र नट, लेथवर संध्याकाळपर्यंत करून देणारे कारागीर अजून आहेत. मी पद्मिनीचे ब्रेक ड्रम तिथंच छिलून घेतले. कारागिरानं ड्रम उचलला, बोटानं आतून एकदा फिरवला आणि मापाआधीच सांगितलं, "अंडाकृती झालाय." मग माप लावलं, तसाच निघाला.

रंग नोंदीत लिहिलेला असतो. आरसीत पांढरा आणि गाडी निळी असेल तर आधी नोंद बदलावी लागते. मूळ रंगच द्या, काम वाचतं. आणि पेंटरला बजावून ठेवा की चॅसी नंबरवर पुट्टी किंवा जाड रंग चढवायचा नाही. तिथं मास्किंग टेप लावून ठेवा. उच्च सुरक्षा नंबर प्लेटही आता जुन्या गाड्यांना लागते. तिची नोंदणी अधिकृत पोर्टलवरूनच करा, आणि त्यासाठी संगणकातले चॅसी-इंजिन नंबर बरोबर हवेत. बॅकलॉगच्या वेळी एक आकडा चुकला तर तो इथं येऊन अडतो.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सगळं कोल्हापूर वळून बघतं. तशा वयाच्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्रानं वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खाजगी वापराची, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आणि भारतात आधी नोंदलेल्या गाडीला यासाठीही जुनी आरसी लागते. म्हणजे वरचा सगळा खटाटोप चुकत नाहीच. रविवारी पन्हाळ्याला चक्कर मारायची असेल तर नेहमीचंच नूतनीकरण बरं.

या गाड्यांच्या बाबतीत जास्त सावध राहा

निपाणी, चिकोडी, बेळगावची स्वस्त गाडी. कर्नाटकातली नोंद असेल तर दुय्यम आरसी तिथंच काढायची, नमुना २८ वर तिथलं ना-हरकत घ्यायचं, मग इथं नवीन नंबर आणि गाडीच्या वयानुसार कर. मालक ओळखीचा असेल आणि तो स्वतः कार्यालयात यायला तयार असेल तरच घ्या. बिनकागदाची आणि परराज्यातली, या दोन्ही अडचणी मी एका वेळी अंगावर घेणार नाही.

सरकारी जीप. जिल्हा परिषद, पाटबंधारे, महामंडळ यांच्या नावावर असलेल्या १५ वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद आहे. त्या मोडीतच जातात. दप्तरात अजून सरकारी खात्याचं नाव असेल तर विषय संपला.

लष्कराची डिस्पोजलची गाडी. तिला लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला नमुना २१ मधला मूळ विक्री दाखला लागतो. झेरॉक्स चालत नाही. "दाखला भावाकडे आहे" असं म्हटलं तर भावाकडे जा, दाखला बघा, त्यातला चॅसी नंबर छापाशी लावा, मग बोला.

पोलीस ठाण्याच्या लिलावातली गाडी. लिलावाच्या आदेशात "भंगार म्हणून" असे शब्द आहेत का ते वाचा. असतील तर ती नोंदणीसाठी विकलेली नाही. गाडी म्हणून विकली असेल तर नमुना ३२ आणि लिलावाचा दाखला घेऊन ३० दिवसांत अर्ज करा.

आरसीचं स्मार्ट कार्ड टपालानं येतं, म्हणून अर्जात पत्ता पिनकोडसकट बरोबर घाला आणि पोस्टमनला सांगून ठेवा. कार्ड आलं की त्यावरचा चॅसी नंबर पुन्हा एकदा पेन्सिलीच्या छापाशी आकडा-आकडा लावून बघा. चूक निघाली तर ती लगेच दुरुस्त करून घ्या. डिजिलॉकरमध्ये आरसी उतरवा. करार, गहाळ दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, जुन्या नोंदवहीचा उतारा यांची एक फाईल करून घरात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवा, पाणी चढलं तरी पोचणार नाही अशा उंचीवर. माझ्या फाईलीत ती पिवळी विम्याची पावतीही आहे.